घरात सिनियर आहे? अमेरिकेतल्या हायस्कूलच्या निरोपाच्या वर्षाचं गाईड, मराठी आई-बाबांसाठी

ज्यांचं पहिलंच मूल यंदा बारावीत आहे, म्हणजे इथल्या भाषेत सिनियर, त्यांच्यासाठी हे लिहितेय. दुसऱ्याच्या वेळी सगळं आपोआप कळतं, पण पहिल्याच्या वेळी ऑगस्ट-सप्टेंबरपासून शाळेच्या ईमेल सुरू होतात, प्रत्येकीत एक नवीन शब्द, एक डेडलाइन आणि पैसे भरायची लिंक, आणि विचारायला गेलं की घरातला सिनियर म्हणतो, "सगळेच करतात गं आई." आपल्याकडे दहावीचा सेंड-ऑफ म्हणजे एक दुपार. नववीच्या मुलांचं सूत्रसंचालन, मुख्याध्यापकांचं भाषण, फिशपॉन्ड, समोसा-वेफर्स, शेवटी थोडी रडारड, की संपलं, दुसऱ्या दिवसापासून परत अभ्यास. इथे हे प्रकरण नऊ-दहा महिने चालतं आणि मधेच कॉलेज ॲप्लिकेशन्सची धावपळ पण असते.

एक आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं सोपं जाईल. यातले बहुतेक कार्यक्रम मुलं एकमेकांसाठी करतात, एकमेकांना सोडून जायचंय म्हणून करतात, त्यात आपलं काम म्हणजे पैसे, गाडी आणि फॉर्मवर सही. आपल्याला खरोखर जागा असते ती चारच ठिकाणी: सिनियर नाइट, प्रॉमच्या (वर्षाच्या शेवटच्या नाचाच्या पार्टीच्या) आधीचे फोटो, ग्रॅज्युएशनचा दिवस आणि घरची पार्टी. तिथे सुट्टी टाकून, फोन चार्ज करून वेळेवर हजर रहा. बाकी ठिकाणी गेटपाशी सोडायचं आणि निघायचं, "मी थोडा वेळ थांबू का" विचारायचं सुद्धा नाही.

कॅलेंडर आपल्या शाळेचं बघा

टेक्सास-जॉर्जियाकडे शाळा ऑगस्टमध्येच सुरू होतात आणि मे संपायच्या आत ग्रॅज्युएशन उरकतं. न्यूजर्सी-न्यूयॉर्ककडे लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) आसपास सुरू आणि ग्रॅज्युएशन थेट जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात. म्हणजे टेक्सासमधल्या फ्रिस्कोतल्या मैत्रिणीची लेक डिप्लोमा घेऊन पुण्यात आजीकडे आंबे खात असते तेव्हा न्यूजर्सीत एडिसनमधल्या मुलांची फायनल परीक्षा चाललेली असते. त्यामुळे व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसऱ्या राज्यातलं कोणी काही म्हणालं म्हणून हॉल नका बुक करू. शाळेच्या डिस्ट्रिक्टचं कॅलेंडर डाऊनलोड करा, ग्रॅज्युएशनची तारीख आणि पावसासाठी ठेवलेली पर्यायी तारीख दोन्ही लिहून ठेवा. बर्फाच्या सुट्ट्या जास्त झाल्या तर उत्तरेकडच्या शाळा शेवटचा दिवस पुढे ढकलतात, भारताची तिकिटं काढताना चार-पाच दिवस हाताशी ठेवा.

आजी-आजोबांना बोलवायचं असेल आणि त्यांचा व्हिसा नसेल तर अकरावीच्या शेवटालाच अर्ज करायला लागा, इंटरव्ह्यूची तारीख मिळायला किती महिने लागतील याचा भरवसा नसतो.

ऑगस्ट ते डिसेंबर

पहिलं म्हणजे सिनियर पोर्ट्रेट. बऱ्याच शाळांचं एका स्टुडिओशी कंत्राट असतं आणि इयरबुकमध्ये, म्हणजे शाळेच्या त्या वर्षाच्या फोटोंच्या पुस्तकात, त्याच स्टुडिओचा फोटो चालतो, मुलींना खांदे उघडे दिसतील असं काळं ड्रेप, मुलांना नुसता पुढचाच भाग असलेला टक्सिडो. हे शूट उन्हाळ्याच्या सुट्टीतच असतं, भारतात गेलात तर चुकतं, चुकलेल्यांसाठीचा दुसरा दिवस, म्हणजे मेकअप डे, कधी आहे ते विचारून घ्या. इयरबुकसाठी फोटो काढून घेणं गरजेचं, पण नंतर येणारं पॅकेज (आठ वॉलेट साइज, दोन मोठे, एक फ्रेम) घेणं अजिबात गरजेचं नाही. ओळखीत कोणाकडे चांगला कॅमेरा असेल तर एका संध्याकाळी पार्कमध्ये नेऊन पन्नास फोटो काढा, तेच पुढे पार्टीच्या बोर्डवर लागतात.

सिनियर सनराइज म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला पहाटे सगळे सिनियर फुटबॉलच्या मैदानावर ब्लँकेट घेऊन जमतात, डोनट खातात, सूर्य उगवताना बघतात आणि तसेच वर्गात जातात. वर्षाच्या शेवटी त्याच मैदानावर सिनियर सनसेट. यात खर्च जवळपास शून्य आणि मुलांना आयुष्यभर आठवतं, पाठवा. फक्त पहाटे पाचला उठवायची जबाबदारी तुमची. काही शाळांत पहिल्या दिवशी कागदाचे सजवलेले मुकुट घालून जातात, काही ठिकाणी बालवाडीतल्या मुलांच्या कार्टूनच्या बॅगा पाठीला लावून येतात, सहा फूट उंचीचा मुलगा आणि पाठीवर स्पायडरमॅनची एवढीशी बॅग. यात विचारण्यासारखं काही नाही, ऑर्डर करून टाका.

पार्किंग स्पॉट रंगवणे हा प्रकार प्रामुख्याने जिथे मुलं स्वतः गाडी चालवत येतात तिथला. शाळेला फी भरायची, एक जागा वर्षभर नावावर मिळते आणि ती रंगवता येते. डिझाइन आधी शाळेकडून मंजूर करून घ्यावं लागतं, एखादं वाक्य लिहायचं असेल तर ते सुद्धा. बाहेरच्या वापराचा लेटेक्स पेंट घ्या, स्प्रे पेंटला बहुतेक शाळा परवानगी देत नाहीत. आदल्या दिवशी जागा झाडून, पाण्याने धुवून वाळू द्या नाहीतर रंग पापुद्र्यासारखा निघतो, मग आधी एक पांढरा हात, तो वाळला की खडूने आखणी, मग रंग. ऑगस्टच्या उन्हात डांबर इतकं तापतं की गुडघे टेकवत नाहीत, जुनी योगा मॅट द्या, आणि सकाळी सातला सुरू करायला सांगा. आजूबाजूच्या जागा मित्रांच्याच असतात त्यामुळे तो एक दिवस म्हणजे पिकनिकच असते.

टेक्सासवाल्यांसाठी एक वेगळा परिच्छेद लागतोच, कारण मम हा प्रकार बाहेरच्यांना सांगून पटत नाही. होमकमिंगच्या, म्हणजे माजी विद्यार्थ्यांना परत बोलावतात त्या, फुटबॉल मॅचला मुली छातीवर शेवंतीचं एक भलंमोठं खोटं फूल लावतात आणि त्याला गुडघ्यापर्यंत, कधी जमिनीपर्यंत रिबिनी, घुंगरं, टेडी बेअर, लाइट, काय वाट्टेल ते. मुलगे दंडावर त्याचीच छोटी आवृत्ती बांधतात, तिला गार्टर म्हणतात. ज्युनियरपर्यंत, म्हणजे अकरावीपर्यंत, शाळेचे रंग आणि सिनियर झालं की पांढरा-चंदेरी, हा साधारण नियम. तयार घेतलात तर काहीशे डॉलर सहज जातात, क्राफ्टच्या दुकानातून सामान आणून घरी केलात तर बरंच स्वस्त पडतं. गणपतीची आरास करणारे हात घरात असतील तर घरीच करा. वजन गळ्यात अडकवायच्या पट्ट्यावर येईल असं बघा, नुसत्या सेफ्टी पिनने टॉप फाटतो.

सिनियर नाइट ही तुमची पहिली जागा. मुलगा टेनिसमध्ये असो, मुलगी मार्चिंग बँडमध्ये असो, त्या सीझनच्या शेवटच्या घरच्या मॅचला प्रत्येक सिनियर आई-बाबांबरोबर मैदानात चालत येतो आणि माइकवर त्याच्याबद्दल चार वाक्यं वाचतात. ती वाक्यं आधी फॉर्मवर भरून द्यायची असतात आणि मुलं ती आदल्या रात्री कशीतरी खरडतात, "थँक्स टू मॉम अँड डॅड" एवढंच. आठवडाभर आधी आठवण करा, भावंडाचं नाव घाला, आजीचं घाला. चाळीस सेकंदांचा कार्यक्रम आहे पण बरेच बाबा मीटिंग आहे म्हणून हाच चुकवतात.

आता इयरबुक. पैसे कुठे घालायचे असं मला कोणी विचारलं तर मी इयरबुक आणि पार्टी एवढंच सांगते. पुस्तक शाळा सुरू झाल्या झाल्या ऑर्डर करा, जसजसे महिने जातात तशी किंमत वाढते आणि शेवटी प्रती संपतात. त्यातच आई-बाबांना एक जागा विकत घेता येते, पाव पान, अर्धं पान, पूर्ण पान, तिथे लहानपणीचा फोटो आणि दोन ओळी. पाव पान पुरतं. याची डेडलाइन थंडीच्या आतच असते आणि इथेच आपलं घोडं अडतं, कारण तो झबल्यातला फोटो नागपूरला किंवा सांगलीला कपाटातल्या अल्बममध्ये चिकटलेला असतो. गणपती-दिवाळीला फोन झाला की तेव्हाच मागवा, आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नाही तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर छापल्यावर नाक-डोळे कळत नाहीत. अल्बमवरचं प्लास्टिक काढून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद. मजकूर मराठीत द्यायचा असेल तर देवनागरी फॉन्टची अक्षरं फुटतात, तो मजकूर आपणच इमेज करून द्या आणि प्रूफ मागून स्वतः बघा.

मुलांना पुस्तकात नावाखाली एक सिनियर कोट, म्हणजे आवडीचं एखादं वाक्य, पण द्यायचा असतो. तो तुम्ही सुचवू नका. फक्त एवढं सांगा की काही आक्षेपार्ह निघालं तर ते पुस्तक पाचशे घरांत जातं आणि परत घेता येत नाही.

क्लास रिंग: ही प्रथा वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत १८३५ च्या बॅचने सुरू केली, तिथे तिला मान आहे. हायस्कूलची अंगठी बहुतेक मुलं सहा महिने घालतात आणि मग ती ड्रॉवरमध्ये जाते. मुलाने स्वतःहून मागितली तरच घ्या.

टोपी, गाऊन आणि मराठीची एक खास सोय

कॅप-गाऊनची ऑर्डर बऱ्याचदा हिवाळ्यातच असते. जॉस्टेन्स, हर्फ जोन्स, बालफोर अशा कंपन्या शाळेत येऊन जाडजूड पाकीट देतात, त्यात कीचेन, छापील आमंत्रणपत्रं, टी-शर्ट, फ्रेम सगळ्याचं पॅकेज असतं. तुम्हाला लागतात तीनच गोष्टी: टोपी, गाऊन आणि टॅसल म्हणजे तो गोंडा. उंची लिहिताना बुटाच्या टाचेसकट विचार करा. घरात मोठं भावंड त्याच शाळेतून गेलं असेल तर गाऊन तोच चालतो, वर्षाचा आकडा फक्त टॅसलवर असतो. पैशाची अडचण असेल तर काउन्सेलरला सरळ ईमेल करा, बऱ्याच शाळांकडे जुने गाऊन ठेवलेले असतात आणि कोणी विचारत नाही कशाला हवाय.

गळ्यात ज्या रंगीत दोऱ्या दिसतात त्या कॉर्ड्स, रुंद पट्टा असतो तो स्टोल. नॅशनल ऑनर सोसायटी १९२१ पासूनची, तिचं सभासदत्व असेल तर बहुतेक ठिकाणी काहीतरी सोनेरी मिळतं. पण आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे, सील ऑफ बायलिटरसी. इंग्लिशशिवाय आणखी एक भाषा लिहिता-वाचता-बोलता येते असा शिक्का डिप्लोमावर मिळतो, कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये पहिला कायदा केला आणि मग बाकीची राज्यं आली. ती दुसरी भाषा मराठी असू शकते! ज्या मुलांना रविवारी सकाळी ओढत ओढत मराठी शाळेत नेलं त्यांच्यासाठी हे अगदी योग्य आहे. मराठीची ऑनलाइन परीक्षा असते, बोलणं-ऐकणं मुलांना जमतं, गाडी अडते ती देवनागरी टायपिंगवर, म्हणून दोन महिने आधीपासून कीबोर्डचा सराव करून घ्या. शाळेच्या वर्ल्ड लँग्वेज विभागाला सप्टेंबरमध्येच विचारा, परीक्षा बहुतेक ठिकाणी वसंत ऋतू संपायच्या आत द्यावी लागते, मे महिन्यात विचारणं म्हणजे वरातीमागून घोडं. काही शाळा त्यासाठी मेडल किंवा कॉर्ड पण देतात आणि आजीला त्या फोटोचं जे कौतुक असतं ते ऑनर रोलचं नसतं.

टोपी सजवायची असेल तर आधी नियम बघा, काही डिस्ट्रिक्टमध्ये पूर्ण बंदी आहे. चालत असेल तर सरळ टोपीवर ग्लू लावू नका. वरचा चौकोन साधारण साडेनऊ इंचाचा असतो, तेवढा जाड कार्डस्टॉक कापा, मधल्या बटणासाठी भोक पाडा, त्या कागदावर काय ते सजवा आणि दुहेरी टेपने चिकटवा, म्हणजे आयत्या वेळी कोणी काढायला सांगितलं तर निघतो. काळ्या कागदावर पांढऱ्या पेनने काढलेली वारली इतकी उठून दिसते की स्टेडियमच्या वरच्या रांगेतून आपलं मूल सापडतं, तारपा नाचाचा गोल मध्यभागीच्या बटणाभोवती बरोबर बसतो. जड मणी, आरसे नकोत, टोपी घसरते.

मधल्या काळात सिनियरायटिस नावाचा आजार येतो. कॉलेजचं पत्र हातात आलं की मुलं अभ्यास सोडतात. रागावून उपयोग नाही पण एक खरी गोष्ट सांगा: कॉलेज शेवटची मार्कशीट मागवतं आणि मार्क फारच कोसळले तर दिलेली ॲडमिशन काढून घेऊ शकतं. १ मे हा कॉलेज नक्की करायचा पारंपरिक दिवस, त्या सुमारास मुलं आपापल्या कॉलेजचा टी-शर्ट घालून शाळेत जातात. त्या दिवशी सोशल मीडियावर दुसऱ्यांच्या मुलांची कॉलेजं मोजत बसू नका, विशेषतः मुलासमोर.

प्रॉम

तिकीट, कपडे, फुलं, गाडी आणि नंतरचं, असे पाच खर्च. तिकीट शाळेनुसार, हॉटेलातला प्रॉम असेल तर शंभर डॉलरच्या वर जातं. मुली ऑनलाइन ग्रुपवर आपला ड्रेस टाकतात म्हणजे दोघींचा सारखा निघू नये, त्यामुळे फेब्रुवारीतच ड्रेस ठरलेला असतो, आपल्याला वाटतं एवढी घाई कशाला. अल्टरेशनला वेळ लागतो, घाई बरोबर आहे. लेहेंगा किंवा साडी नेसून जाणाऱ्या मुली आता कमी नाहीत, आजीच्या पैठणीचा गाऊन शिवून घेतात, पण हे तिच्या डोक्यातून यायला हवं. साडी असेल तर शिवलेली नेसवा, नाचायचंय तिला, आणि पिना लावायला तुम्ही तिथे नसणार.

मुलीच्या मनगटाचं फुलांचं कोर्साज आणि मुलाच्या कोटाला लावायचं फूल, म्हणजे बुटोनियर, दोन आठवडे आधी सांगून ठेवा, आदल्या दिवशी आणून फ्रिजमध्ये, पण फळांपासून लांब. बुटोनियर डाव्या बाजूला, देठ खाली, पिन मागच्या बाजूने. हे मुलांना कोणालाच येत नाही, एक व्हिडिओ बघून ठेवा, त्या दहा मिनिटांत तुम्ही हिरो होता.

फोटो ही तुमची दुसरी जागा. कोणाच्या तरी अंगणात किंवा पार्कमध्ये सगळे जमतात, पंचवीस पालक एकाच वेळी ओरडत असतात इकडे बघ. एकच पालक फोटो काढणारा ठरवा, बाकीच्यांनी नंतर अल्बममधून घ्यायचे. आणि तिथे डेटबद्दल एकही प्रश्न नको. कोण आहे, आईवडील काय करतात, हे गाडीत बसून पण विचारू नका.

नंतरचं काय हे मात्र सविस्तर विचारा. न्यूजर्सीत प्रॉमनंतर समुद्रकाठी वीकेंडला घर भाड्याने घ्यायची पद्धत आहे, व्हर्जिनिया-मेरीलँडकडे ग्रॅज्युएशननंतर बीच वीक असतो. कोणाच्या नावावर घर आहे, मोठं कोण असणार, कोण गाडी चालवणार, एवढी तीन उत्तरं मिळाल्याशिवाय हो म्हणू नका. आणि मुलाला सांगून ठेवा की रात्री दोनला फोन केलास तरी मी न्यायला येईन, लेक्चर दुसऱ्या दिवशी पण देणार नाही. मग खरंच देऊ नका.

असॅसिन, प्रँक आणि डिच डे

सिनियर असॅसिन म्हणजे ॲपवर चालणारा पाठलागाचा खेळ, प्रत्येकाला एक टार्गेट आणि पाण्याच्या बंदुकीने त्याला भिजवायचं. शाळा यात नसते. ऐकायला गंमत वाटते पण लोकांच्या झुडपात दबा धरून बसलेली, हातात बंदुकीसारखं काहीतरी असलेली मुलं बघून शेजारी पोलिसांना फोन करतात, आणि अनेक गावांचे पोलीस दर वसंतात यावर इशारा देतात. आपली मुलं सावळी आहेत, ही गोष्ट त्यांना स्पष्ट शब्दांत सांगायला लाजू नका. बंदूक लाल-पिवळी, स्वच्छ खेळण्यासारखी दिसणारी, काळी रंगवलेली अजिबात नाही. दुसऱ्याच्या अंगणात नाही, चालत्या गाडीतून नाही, शाळेच्या आवारात नाही, अंधारात नाही, तोंड झाकून नाही. हे जमत नसेल तर खेळायचं नाही.

प्रँकचा नियम सोपा: झाडू मारून तासाभरात साफ होतं ते चालतं. हॉलमध्ये पाण्याचे शेकडो प्लास्टिक ग्लास मांडणे, प्रिन्सिपलच्या खोलीभर चिकट चिठ्ठ्या, ठीक. कुलुपात गोंद, जनावरं, तेल, रंग, नाही. तोडफोड झाली तर शाळा ग्रॅज्युएशनला स्टेजवर चालू देत नाही आणि त्या वयात एवढी शिक्षा पुरे होते.

डिच डेला सगळे सिनियर ठरवून दांडी मारतात. शाळेच्या हिशोबी ती बिनपरवानगीची गैरहजेरीच, काही शाळांत ठरावीक गैरहजेरीनंतर प्रॉमचं तिकीट अडतं. "तू फोन करून सांग मी आजारी आहे" असं मूल म्हणेल. मी खोटं सांगत नाही, दांडी मार आणि जे होईल ते घे, असं म्हणते. हे तुम्ही तुमचं ठरवा.

ग्रॅज्युएशनचा दिवस

आधीच्या आठवड्यात तीन कामं. लायब्ररीची पुस्तकं, क्रोमबुक, टीमचे युनिफॉर्म परत करून दंड भरून टाका, थकबाकी असेल तर काही ठिकाणी डिप्लोमा अडकतो. (स्टेजवर हातात देतात ते फोल्डर बऱ्याच ठिकाणी रिकामंच असतं, घाबरू नका.) दुसरं, तिकिटं. घरटी चार-सहा असा कोटा असतो, आजी-आजोबा चौघंही आले असतील तर भांडणं होतात, पालकांच्या ग्रुपवर महिनाभर आधी जास्तीची मागून ठेवा, कोणाकडे तरी उरतातच. तिसरं, नावाचा उच्चार. शाळा एक कार्ड भरून घेते किंवा रेकॉर्डिंग मागते. आपल्याकडे ज्ञानेश्वरी, क्षितिज, ऋग्वेद अशी नावं आणि वर कुलकर्णी नाहीतर देशपांडे, वाचणाऱ्याचा घाम निघतो. मुलं कंटाळून "जे म्हणतील ते चालेल" म्हणतात. चालत नाही. तुकडे पाडून, जोर कुठे ते मोठ्या अक्षरात लिहून द्या आणि रिहर्सलच्या दिवशी वाचणाऱ्या सरांना एकदा स्वतः म्हणून दाखव असं मुलाला सांगा.

स्टेडियममध्ये पारदर्शक बॅगचा नियम असतो, भोंगे-फुगे बंद, उन्हाळी दुपार असेल तर आजोबांना टोपी, पाणी आणि बसायला उशी. व्हीलचेअरची जागा आधी कळवून मिळते. भारतातल्यांना लाइव्हस्ट्रीमची लिंक आदल्या रात्री पाठवा आणि नाव साधारण कितव्या मिनिटाला येईल ते सांगा, तिकडे मध्यरात्र असते. मुलं आत येताना वाजतं ते इंग्लिश संगीतकार एल्गरचं १९०१ सालचं मार्चिंगचं संगीत, १९०५ मध्ये येल विद्यापीठात त्याला मानद पदवी दिली तेव्हा ते वाजवलं आणि मग सगळ्या देशाने उचललं. टॅसल आधी उजवीकडे, डिप्लोमा मिळाल्यावर डावीकडे. हा गोंडा नंतर गाडीच्या आरशाला लटकवतात, काही राज्यांत समोरची काच अडते म्हणून दंड होऊ शकतो, भिंतीवर लावा.

पश्चिम किनाऱ्यावर हवाईची लेई, म्हणजे गळ्यातला हार, घालायची पद्धत आली आहे, ऑर्किडची, चॉकलेटची, डॉलरच्या नोटांची. नोटांचा हार आपल्याला काही नवीन नाही. मोगऱ्याचा गजरा मिळाला तर तोही घाला, कोणी हसत नाही.

त्या रात्री शाळेतला पालक संघ अनेक ठिकाणी रात्रभराची पार्टी ठेवतो, दहाला आत आणि पहाटे बाहेर, मधे सोडत नाहीत. मेन राज्यात १९७९ च्या ग्रॅज्युएशनच्या दिवसांत दारू-ड्रग्जमुळे मुलं दगावली, त्यानंतर तिथे प्रोजेक्ट ग्रॅज्युएशन सुरू झालं आणि देशभर पसरलं. कॅलिफोर्नियात डिस्नीलँडची ग्रॅड नाइट तर १९६१ पासूनची. शाळेच्या पार्टीचं तिकीट लवकर घेतलं तर स्वस्त. मुलाला जायचं नसेल तरी दोन मित्र जाणार असतील तर घेऊन ठेवा, आयत्या वेळी सगळ्यांनाच जायचं असतं.

बऱ्याच गावांत आणखी एक छोटा प्रकार असतो, सिनियर वॉक. गाऊन घालून मुलं आपल्या जुन्या एलिमेंटरी शाळेच्या कॉरिडॉरमधून चालत जातात आणि दोन्ही बाजूंना छोटी मुलं टाळ्या द्यायला उभी असतात. आपल्याला आत सोडत नाहीत. जुन्या बाईंना ईमेल करून एक फोटो मागा, त्या आनंदाने पाठवतात.

घरची पार्टी

तारीख आधी मुलाच्या पाच जवळच्या मित्रांशी जुळवा, जूनमध्ये एकेका शनिवारी चार-चार पार्ट्या असतात. मिडवेस्टमध्ये ओपन हाऊस म्हणतात, दुपारी एक ते सहा, कोणीही कधीही यावं, गॅरेजमध्ये टेबलं, भिंतीवर फोटोंचा बोर्ड. हीच पद्धत मला सगळ्यात सोयीची वाटते. पार्कमधलं शेल्टर हवं असेल तर बुकिंग अनेक काउंटींत जानेवारीतच उघडतं, गॅस पेटवायला आणि दारूला परवानगी आहे का ते तेव्हाच वाचा. दारूचं म्हणाल तर ठेवूच नका. काकांनी आणलेली बिअर मुलांच्या हातात गेली तर कायद्याने यजमान अडकतो.

जेवण ट्रेच्या हिशोबाने येतं, हाफ ट्रेमध्ये किती माणसं भागतात ते केटररलाच विचारा आणि मुलांची संख्या निम्मी धरा, ती तीन पार्ट्या करून आलेली असतात. वडापाव छोट्या बनमध्ये, चटण्या वेगळ्या, मँगो लस्सी, थोडा पिझ्झा, बास. मुलांचे अमेरिकन मित्र वडापाव आवडीने खातात. पण दाण्याचं कूट आपण कुठे कुठे घालतो ते आपल्याला आठवत पण नाही, कोशिंबीर, खिचडी, लसणाची चटणी, आणि येणाऱ्या मुलांत कोणाला तरी शेंगदाण्याची ॲलर्जी असतेच. प्रत्येक ट्रेवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावा, ते टेबल वेगळं ठेवा आणि चमचे सुद्धा.

औक्षण करायचं तर मित्र यायच्या आधी, घरच्यांपुरतं, किंवा मग सगळ्यांसमोर मुलाला विचारून. टोपी कपाळाच्या निम्म्यावर बसते, त्यामुळे आधी टोपी काढा, कुंकू लावा, ओवाळा, मग टोपी. गाऊन पॉलिस्टरचा असतो, निरांजन दोन हात लांब, आणि ताम्हणातलं तेल सांडलं की तो डाग जात नाही. पेढा मात्र आजीच्या हातूनच भरवा.

आहेराची पाकिटं ठेवायला एक बंद खोकं ठेवा, उघडताना मुलाला वही देऊन बसवा: कोणी, किती, पत्ता. इथे प्रत्येकाला हाताने लिहिलेलं थँक-यू कार्ड जातं, ५१ डॉलर देणाऱ्या काकूंना पण आणि नुसतं कार्ड देणाऱ्या शेजाऱ्यांना पण, आणि ते मुलानेच लिहायचं असतं. कॉलेजसाठी रेकमेंडेशन (शिफारसपत्र) लिहिलेल्या शिक्षकांची कार्डं तर शाळा संपायच्या आतच पोचली पाहिजेत, त्यात कुठल्या कॉलेजला चाललोय ते लिहावं, त्यांना कोणी नंतर सांगत नाही. कार्डं, पेन, स्टॅम्प आणि ती वही एका डब्यात घालून मुलाच्या टेबलावर ठेवा, रोज पाच, आणि जुलै संपायच्या आत पोस्टात टाकून घ्या, एकदा डॉर्मला गेलं की एकही लिहून होत नाही.